आतून ओढलेली शिरी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला फारसे कष्टही पडले नाहीत. गावात तिची एक सोयीची हकिकत आधीच तयार होती, आणि ती मी तयार केलेली नव्हती. लोकांनीच केली होती. "दाराला शिरी होती, आत माणूस आहे हे अण्णांना लांबून कसं कळावं?" असं लोक म्हणायचे आणि मी खाली बघायचो. माझं खाली बघणं म्हणजे दुःख, असा त्यांनी अर्थ घेतला. तो मी खोडला नाही.

आता वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षं संपली. बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिलाही मी खोटंच सांगितलं होतं. आता खरं लिहून ठेवण्यात कुणाचा फायदा आहे, मला माहीत नाही. पण माझ्यामागे ती गावातली हकिकतच खरी ठरेल, हे मला सहन होत नाही.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला, ओढ्याच्या काठाला. ओढा म्हणायचा एवढंच, वर्षातून दीड-दोन महिने तो ओला असतो. गावापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथून वर माळावर गाडीवाट जाते आणि माळाच्या टोकाला वस्ती आहे. तेव्हा तिथे तेरा घरं होती. दसरा झाला की वस्तीवर ट्रक यायचे आणि तेरा घरांतली माणसं भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं घेऊन त्यांत चढायची. पश्चिमेकडे कृष्णेच्या अंगाला साखर कारखाने आहेत, तिकडे ऊस तोडायला जायची. माघारी यायची ती पाडवा उलटल्यावर. माझ्या घरासमोर जीप उभी असायची. बीडला, कड्याच्या बाजाराला, कुठेही जायचं तर मी चप्पल घालून निघायचो. त्यांना निघायलाही ट्रक लागायचा आणि परतायला मुकादमाची परवानगी. मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, त्याने दिलेली असते, म्हणून हंगामभर माणूस त्याच्या शब्दात असतो. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि यात काही विचार करण्यासारखं आहे असं मला वाटत नसे.

शिरी काय असते ते आधी सांगितलं पाहिजे. वस्तीतल्या दारांना कुलपं फार थोडी. जाणारा माणूस होतं नव्हतं ते सोबत घ्यायचा आणि दारात बाभळीची वाळलेली काटेरी फांदी रेटून बसवायचा. तिला आम्ही शिरी म्हणतो. कुत्रं, शेळी आत जाऊ नये एवढाच तिचा उपयोग. बाहेरून लावणारा माणूस फांदीचा जाड बुडखा हातात धरतो, काटेरी शेंडा दारात दाबतो आणि बुडख्यावर धोंडा ठेवतो. म्हणजे बुडखा बाहेर राहतो. पण माणूस घरात असेल आणि त्याला आतून दार झाकायचं असेल, तर तो बुडखा धरून फांदी आपल्याकडे ओढतो. मग बुडखा आत जातो आणि काटे बाहेर येतात. आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं तर हाक मारायच्या आधी नजर शिरीवर जाते. आत कुणी आहे का नाही, ते तिथेच कळतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

त्या साली पावसाने जूनमध्ये तेवढं तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली. वस्तीवर ट्रक नेहमीपेक्षा आधीच आले. मी त्या दिवशी जीप घेऊन वर गेलो होतो. गावच्या सेवा सोसायटीचा मी चेअरमन होतो, वस्तीवरचे सगळे सभासद, तेव्हा निरोप द्यायला जाण्याची माझी पद्धत होती. बाकीची घरं भरून झाली होती. एका घरापुढे मात्र वाद चालला होता.

त्या घरातली म्हातारी यायला तयार नव्हती. तिचा मुलगा, तेव्हा पस्तिशीचा असेल, तिची बोचकी उचलून ट्रककडे न्यायचा आणि म्हातारी ती परत घरात आणून ठेवायची.

"चल की गं आये. तिथं कोपीत नुसती बसून ऱ्हा," मुलगा म्हणाला. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, तोडणीच्या शेताजवळ, फडाजवळ घालतात ती.

"बसून? तिथं बसून कोण ऱ्हातंय रं? लेकरं संभाळ, भाकरी थाप, वाढ्याच्या पेंढ्या बांध. बावीस हंगाम ऊस तोडलाय म्या. आता उसाचं नाव काढलं तरी अंगाला खाज सुटती."

मुकादम ट्रकच्या केबिनमधून ओरडला, "म्हातारे, एकटी ऱ्हाशील तर लांडगं खातील तुला."

"खाऊ दे. दात पडतील त्यांचं. हाडाबिगर काय हाय माझ्यात?"

ट्रकमधले सगळे हसले. मीही हसलो. शेवटी मुलगा माझ्याकडे आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली होती.

"अण्णा, आई माघारी हाय. जरा लक्ष असू द्या."

"बिनघोर जा बे," मी म्हणालो. "मी काय मेलो का?"

त्याने तेवढ्यावर विश्वास ठेवला. ट्रक हलला तेव्हा म्हातारी दारात उभी होती. हात वगैरे हलवणाऱ्यातली ती नव्हती. ट्रक वळणाआड गेला तशी आत गेली.

संक्रांतीपर्यंत माझी बायको पंधरा दिवसांतून एकदा कुणाच्या तरी हाती म्हातारीला भाजीपाला, डाळ पाठवायची. मी विचारपूस करायचो. मी दिलेला शब्द मोडला असं अजून तरी म्हणता आलं नसतं.

मग छावण्या सुरू झाल्या आणि ते मागे पडलं. दुष्काळात जनावरं जगवायला सरकार सहकारी संस्थांना छावणी चालवायला देतं. आमच्या सोसायटीला ती मिळाली. मी तिच्यासाठी बरीच पायपीट केली होती. माळाच्या पायथ्याला, माझ्याच पडीक रानात आम्ही दावणी घातल्या. पाच-सहा गावांची जनावरं आली. प्रत्येकाच्या कानात बिल्ला, सकाळ-संध्याकाळ मोजणी. मालक लोक तिथेच चादर अंथरून राहायचे. लोक मला म्हणायचे, अण्णा, तुमच्यामुळे खुंट्याला जनावर राहिलं. ते खोटं नव्हतं. अजूनही त्या छावणीची आठवण काढणारे भेटतात आणि मला मान खाली घालावी लागते.

चारा म्हणून ऊस यायचा. पश्चिमेकडून ट्रक भरून, हिरवागार. तो ऊस तोडणारे हात आमच्याच तालुक्यातले. ऊस आठवड्यातून दोनदा आमच्याकडे येत होता, तोडणारी माणसं पाडव्यापर्यंत येऊ शकत नव्हती. हे मला आज दिसतं. तेव्हा मी फक्त ऊस वाळलेला आहे का ओला, एवढंच पेर मोडून बघत होतो.

चाऱ्याची सोय झाली, पण पाणी पुरेना. छावणीला टँकरच्या खेपा मिळायच्या त्या दुपारपर्यंत संपायच्या. म्हशी हौदाशी उभ्या राहून हंबरायच्या. वस्तीवर लोखंडी टाकी होती, तिच्यात एक दिवसाआड एक खेप पडायची.

अशात एके दिवशी सकाळी ग्रामसेवक माझ्याकडे आला. तो बागायती मुलखातला, नदीकाठचा पोरगा, नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं.

"अण्णा, वरून विचारणा आलीय. ज्या वस्त्या ऊसतोडीला गेल्यात तिथली खेप बंद करायची आणि गरज आहे तिथं वळवायची. आपल्या वस्तीवर कोण आहे सध्या?"

"चल, बघूनच येऊ," मी म्हणालो.

जीपने वर गेलो. उन्हाचा कडाका होता. मी इंजिन बंद केलं नाही. वस्तीच्या मधल्या मोकळ्या जागेत जीप उभी केली आणि बसल्या जागेवरून आम्ही घरं मोजली. तेरा दारं, तेरा शिऱ्या. ग्रामसेवकाने रुमालाने घाम पुसला.

"सगळ्या घरांना काट्या लावलेल्या दिसतात. कुणी राहतं का इथं?"

लिंबाजवळचं चौथं घर म्हातारीचं. मी तिकडे मुद्दाम बघितलं नव्हतं, नजर आपोआप जाते. बारा शिऱ्यांचे बुडखे बाहेर होते, त्यांवर धोंडे होते. त्या घराच्या शिरीचे काटे बाहेर होते. बुडखा आत होता.

"न्हाई," मी म्हणालो. "समदी उसाला गेलीत."

त्याने कागद मांडीवर घेऊन लिहिलं, 'वस्ती रिकामी'. साक्षीदार म्हणून मी सही केली. त्याला शिरीतलं काही कळत नव्हतं, त्याचा दोष नाही. तिथे ते ओळखणारा मी एकटाच होतो. मनात मी असं ठरवलं की एकट्या म्हातारीला पाणी लागतं किती, छावणीवरून रोज दोन हंडे पोचवले की झालं. तिच्यापायी सबंध टँकर वर चढवायचा आणि इथे शेकडो जनावरं तहानेनं उभी. त्या क्षणी हा हिशोब मला शहाणपणाचा वाटला. दुसऱ्या दिवसापासून वस्तीची खेप छावणीवर पडू लागली. हौद दुपारनंतरही भरलेला दिसायला लागला.

दोन हंडे मी पोचवले नाहीत. पहिल्या दिवशी माणूस मोकळा नव्हता. दुसऱ्या दिवशी पेंडीची गाडी आली. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षातच राहिलं नाही. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

पाच-सहा दिवसांनी छावणीवर पाणी बघणारा आमचा माणूस म्हणाला, "अण्णा, वस्तीवरची म्हातारी आलती हंडा घेऊन. म्हणती टाकी कोरडी हाय. एक हंडा दिला भरून. पण रोज आली तर काय करू?"

"आज दिलास, ठीक केलंस," मी म्हणालो. "पण रोज नको. कागदावर वस्ती रिकामी दिलीय. एखादा साहेब तपासणीला आला आन् ही हौदाशी उभी दिसली तर काय सांगायचं?"

त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तो तिला म्हणाला, हे नंतर मला कळलं, "म्हातारे, हे पाणी बिल्ल्यावर हाय. तुझ्या कानात बिल्ला हाय का?" त्याने चेष्टाच केली होती. आणि हंडाही भरून देणार होता, असं तो शपथेवर सांगतो. पण तिने रिकामा हंडा उचलला, "न्हाई बाबा, मला कुणी मोजलंच न्हाई," म्हणाली आणि निघून गेली. पुन्हा छावणीवर आली नाही.

वस्तीच्या मागे उतारावर, ओढ्याच्या पात्रात एक जुनी विहीर आहे. पायऱ्या निम्म्या ढासळलेल्या. तळाला झरा होता, वाटीवाटीने भरत बसलं तर तासाभरात हंडा भरायचा. ती तिथे जाऊ लागली.

आणखी आठवडाभराने उसाचा ट्रक आला. ड्रायव्हरने मला हाक मारून कागदात बांधलेली गुळाची ढेप दिली. म्हातारीच्या मुलाने फडावरून पाठवली होती. "त्यानं सांगितलंय, आईला द्या. आन् पाण्याचं बरं हाय ना, तेवढं इचारून या म्हणला." मी "बरं हाय म्हणून सांग," असं म्हणालो. ढेप घरी नेऊन बायकोच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोलकरणीला सोबत घेऊन ती चालत वर गेली.

घर उघडं होतं. शिरी बाजूला पडलेली. हाका मारत मारत त्या दोघी विहिरीपर्यंत गेल्या. म्हातारी चौथ्या-पाचव्या पायरीवर आडवी होती. आदल्या दिवशी दुपारी पाय घसरला होता, तेव्हापासून तिथेच. माझ्या बायकोला बघून ती म्हणाली, "कावून आलीस गं एवढ्या उन्हाची?" आणि मग तिला रडू आलं. बायको सांगायची, म्हातारीला रडताना तिने त्या एकाच वेळी पाहिलं.

मांडीचं हाड मोडलं होतं. जीपमधून तिला हाडं बसवणाऱ्याकडे नेलं, बांबूच्या कामट्यांनी पाय बांधला. आमच्या ओसरीवर तिची बाज टाकली. त्या दिवशी जेवताना बायकोने मला विचारलं, "ती म्हणती, मी घरातच व्हते, शिरी आतूनच ओढायची मी. तुमी तर ग्रामसेवकाला घेऊन वर गेलता. बुडखा दिसला न्हाई तुमाला?"

"मी जीपमधून उतरलोच न्हाई," मी म्हणालो. "लांबून काय दिसतंय? म्हणलं, तीबी कुठं गेली असंल."

तिने ताटात भाकरी वाढली. पुढची सगळी वर्षं तिने तो विषय काढला नाही, आणि तिचा माझ्यावर विश्वास बसला होता का नव्हता, हे मला आजतागायत माहीत नाही.

मुलाला निरोप गेला तो उसाच्या ट्रकवरच. तो स्वतः आठव्या दिवशी पोचला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं धरतात. एक गेला की कोयता मोडतो, म्हणून मुकादम सोडेना. आधी म्हणाला, हप्ता होऊ दे. मग म्हणाला, खोटं निमित्त काढून पळून जायचं बघतोस. शेवटी बायको आणि दोन्ही लेकरं फडावर ठेवून जायचं या अटीवर सोडलं. एसटीने नगरपर्यंत, तिथून कड्यापर्यंत एका मालट्रकवर, पुढे मिळेल ते, आणि शेवटचं अंतर पायी. ओसरीवर आला तेव्हा पाय धुळीने पांढरे झाले होते. आईकडे जायच्या आधी माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"अण्णा, वहिनींनी वाचवलं आईला. तुमच्या घरचे उपकार कवा फिटायचे न्हाईत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी बायको चुलीपाशी होती, म्हातारी बाजेवर होती, ऐकणारे सगळे तिथे होते. मी त्याला उठवलं आणि "चहा घे आधी" म्हणालो. तो दोन दिवस राहिला. दोनच दिवस कबूल होते.

पुढे तीन आठवड्यांनी पंचायतीच्या निवडणुका लागल्या. आमच्या गटाचं पॅनल होतं. ऊसतोडीला गेलेली मतं आणायची कशी, हा दर वेळी प्रश्न असतो, आणि दर वेळी तो सुटतो. मी मुकादमाला फोनवर गाठलं. गाड्या आमच्या, जेवण आमचं. मुकादम एका बोलण्यात हो म्हणाला. संध्याकाळी फडावरून गाड्या निघाल्या आणि सकाळी आठला सबंध वस्ती शाळेपुढे रांगेत उभी होती. मुकादम स्वतः केबिनमध्ये बसून आला होता. एका माणसाला आठ दिवस लागले होते त्याच रस्त्याने तेरा घरं एका रात्रीत आली. गाड्यांची व्यवस्था मीच केली होती, म्हणून हे माझ्याइतकं स्पष्ट कुणालाच दिसत नव्हतं.

म्हातारीचंही मत होतं. आमच्या चार पोरांनी तिला बाजेसकट उचलून शाळेत नेलं. रांगेतल्या मुकादमाला बघून ती मोठ्याने म्हणाली, "काय रं, मत द्यायला आठ दिस लागत न्हाईत व्हय?" लोक हसले. मुकादमही हसला. "म्हातारीचं तोंड काय मोडलं न्हाई," म्हणाला.

दुपारी परत जायची वेळ झाली. मुलाने ठरवलं होतं की आईला सोबत न्यायचं. ती नको म्हणत होती.

"मला हितंच ऱ्हाऊ द्या रं. माझं मी सरपटत करीन."

"कोण बघंल तुला आये? अण्णांनी तरी कुठं कुठं बघावं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी पुन्हा पुन्हा तो आवाज आठवून पाहिला आहे. नव्हता.

बाज ट्रकमध्ये चढवायला चौघं लागत होते आणि तिघंच होते, म्हणून मी उशाकडचा एक खूर धरून वर चढलो. इंजिन सुरू होतं, आवाज मोठा होता. बाज फळीवर टेकली तेव्हा तिचं तोंड माझ्या कानाजवळ आलं.

"चेअरमन," ती म्हणाली, "जीप आलती त्या दिशी मी घरातच व्हते. मला वाटलं, हाक मारताल. हाक आली की उठावं म्हणून बसले व्हते."

मी "हां" म्हणालो. एवढंच. तिने तोंड फिरवलं. ट्रकमधल्या बायकांनी तिच्या डोक्याखाली बोचकं सारलं. मी खाली उतरलो आणि फळी लावून घेतली, खिट्टी अडकवली. खिट्टी नीट बसली का, ते दोनदा ओढून बघितलं. आमचं पॅनल निवडून आलं.

म्हातारी तो हंगामही संपू न देता गेली, कृष्णेकाठच्या कुठल्याशा कारखान्याच्या कोप्यांमध्ये. तिकडच्याच घाटावर तिला अग्नी दिला. जिला आपलं घर सोडून कुठेही जायचं नव्हतं तिची राख कुठल्या नदीत गेली, हे तिच्या वस्तीवर कुणाला नेमकं सांगता येत नाही. पाडव्यानंतर बारा घरांच्या शिऱ्या निघाल्या. मुलगा आला नाही. पुढच्या सालीही नाही. कारखान्याजवळच कुणाच्या तरी मळ्यावर राखणीला राहिला, असं कळलं. घर पावसापाण्याने बसलं.

बायको गेली त्या वर्षी मी त्याला शोधून काढलं. पत्ता मिळवायला अवघड गेला नाही, टोळीतली माणसं अजून जातातच. माझ्या मुलाच्या गाडीने गेलो. सकाळी चहा घेऊन निघालो, वाटेत जेवलो, दुपारी पोचलोसुद्धा. काय बोलायचं ते मी वाटेत मनाशी घोकलं होतं. मुलाला बाहेर गाडीतच थांबायला सांगितलं.

पत्र्याची खोली होती. तो आता स्वतः म्हातारा दिसत होता, एक डोळा पांढरा झालेला. मला ओळखायला त्याला क्षणभर लागलं.

"अण्णा? एवढ्या लांब कावून आलात?"

आणि मी म्हणालो, "हिकडं एक लगीन व्हतं. म्हणलं, जाता जाता भेटावं."

लग्न वगैरे काही नव्हतं. तोंडातून पहिलं वाक्यच खोटं निघालं आणि मग पुढचं सगळं त्याच्या मागे गेलं. त्याच्या बायकोने चहा केला. गावाकडे पाऊस कसा आहे, कोण राहिलं, कोण गेलं, अशी चौकशी झाली. माझी बायको गेल्याचं ऐकून त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "वहिनींनी आईला पायरीवरून उचललं व्हतं. आई शेवटपत्तुर काढायची त्यांचं नाव."

मी कप खाली ठेवला.

"तुमचंबी काढायची," तो म्हणाला.

"काय म्हणायची?"

"काय न्हाई. म्हणायची, एकदा चेअरमनला इचार."

"काय इचार?"

"ते न्हाई सांगितलं तिनं. म्हणली, त्याला ठावं हाय."

तो माझ्याकडे बघत होता. त्याने काही विचारलं नाही. हातातला चहा पीत नव्हता, नुसता धरून बसला होता. त्याला सगळं माहीत होतं आणि तो मला संधी देत होता, असं मला कधी वाटतं. कधी वाटतं, त्याला काहीच माहीत नव्हतं आणि आईचं कोडं त्याला खरोखर सोडवायचं होतं. काहीही असलं तरी तो थांबला होता. पुष्कळ वेळ थांबला होता. पत्र्यावर कावळ्याच्या पायांचा आवाज येत होता. मग बाहेरून माझ्या मुलाने हॉर्न वाजवला आणि मी उठलो. "अंधार पडायच्या आत पोचलं पाहिजे," म्हणालो. तो गाडीपर्यंत आला, दार उघडून धरलं, मला बसायला हात दिला.

गेल्या हिवाळ्यात तिकडून निरोप आला, तो गेला. आता हे ऐकून घेणारं कुणी उरलं नाही. पत्र्याच्या त्या खोलीत जे बोलायचं म्हणून मी सबंध रस्ताभर घोकलं होतं आणि ज्यातला एक शब्दही बोललो नाही, ते एवढंच होतं:

आरं, तुझी आई घरात व्हती. मला दिसलं व्हतं. इचारलं तवा मी न्हाई म्हणलो. माझं चुकलं. मला माफ कर.